परागच्या नावाने

"ती म्हणते, कातडी काढायची नसते," माई म्हणाल्या.

ती म्हणजे रेवा, माझी आठ वर्षांची मुलगी. ती माझ्यापासून दोन हातांवर ओट्याला टेकून उभी होती आणि माझ्या सासूबाई, म्हणजे माई, आमच्या दोघींच्या मधे. रेवाने माईंचा पदर ओढून त्यांना खाली वाकवलं, कानात काहीतरी सांगितलं आणि माईंनी ते मला ऐकवलं. मराठीचं मराठीत भाषांतर करणारी दुभाषी आमच्या घरात त्या दिवसांत फार राबत होती.

"या वेळी कातडीसकट आणलेत," मी म्हणाले. "तिला बघ म्हणावं."

माईंना सांगावं लागलं नाही. रेवा पुढे झाली, परातीतले कोंबडीचे पंख तिने वाकून पाहिले, एकाची कातडी दोन बोटांनी ओढून बघितली आणि परत माईंच्या मागे जाऊन उभी राहिली. म्हणजे मी पास झाले होते.

त्याच्या आदल्या रविवारी मी साफ नापास झाले होते. पेणच्या बाजारात कोंबडीवाल्याकडे गेलं की तो काही न विचारता एका हिसक्यात कातडी सोलून टाकतो. सगळ्यांना तशीच लागते. मलाही ती तशीच मिळाली आणि मी ती तशीच घेऊन आले. वर डब्यातला खाण्याचा सोडा सढळ हाताने लावला, कारण परागला कसलीतरी पांढरी पूड लावताना पाहिल्याचं मला आठवत होतं. ओव्हनमधून जे निघालं ते चामड्यासारखं चिवट होतं आणि चवीला कपडे धुवायच्या साबणासारखं. रेवाने एक घास तोंडात घातला, तो न थुंकता गिळला, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि निघून गेली. थुंकली असती, नाक मुरडलं असतं, तरी मला चाललं असतं.

पराग माझा नवरा. विंग्ज, म्हणजे हे भाजलेले पंख, हे त्याचं रविवारचं काम. माईंना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं तेव्हा त्या आठवडाभर घरात कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. तळलेली कोंबडी हा त्यांचा जीव की प्राण. मग परागने लग्नात आहेर म्हणून आलेला आणि माळ्यावर धूळ खात पडलेला ओव्हन खाली काढला आणि तेलाचा थेंब न घालता कुरकुरीत विंग्ज करायचा ध्यास घेतला. पहिले कितीतरी रविवार आम्ही काय काय खाल्लं ते आठवायला नको. पण जमलं. त्यानंतर रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मला प्रवेश बंद. त्याची मदतनीस रेवा, चाखून बघायला माई, आणि मी बाहेर पेपर वाचत बसायचं. पहिला तुकडा माईंना आणि दुसरा मला. बायकोला दुसरा नंबर देणारा नवरा म्हणून मी त्याला छळायचे. तो म्हणायचा, "अगं, विंग्जमध्ये तू दुसरी. बाकी सगळ्यात पहिली. विंग्जपेक्षासुद्धा तू मला जास्त आवडतेस, आता याहून मोठं काय सांगू?" रेवाला हे इतकं पाठ होतं की तो वाक्य सुरू करायचा आणि ती पुरं करायची.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी तो बँकेतून निघाला आणि गाडीशी पोचायच्या आधीच कोसळला. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसांबद्दल मला जास्त लिहायचं नाही. गेला, एवढंच.

आणि रेवा माझ्यापासून लांब गेली.

ती माझ्यावर रागावली असती तर मला कळलं असतं, कारण रागात ती माझीच मुलगी आहे. पण हे वेगळं होतं. मी खोलीत आले की ती शांतपणे उठून जायची. वेणी माईंकडून घालून घ्यायची, झोपायला माईंच्या खोलीत. मी जवळ घ्यायला गेले की अंग चोरायची. बोलायची नाही, काही हवं असेल तर माईंमार्फत. शाळेतल्या बाई म्हणाल्या, धक्का आहे, वेळ द्या. डॉक्टर म्हणाले, मूल कुणावर तरी राग काढतं, तुम्ही जवळच्या म्हणून तुमच्यावर. मला आतून वाटायचं की ही मला दोष देतेय. का, ते माहीत नव्हतं. पण नवरा गेला आणि पाठोपाठ मुलगीही हातातून चालली होती, एवढं मला दिसत होतं. नवऱ्याच्या बाबतीत माझ्या हातात काही नव्हतं. हिच्या बाबतीत असेल, या आशेवर मी तग धरून होते.

एकच गोष्ट जुळत नव्हती. एकदा मी अंघोळीहून आले तर रेवा माझ्या पलंगापाशी उभी होती. माझी ओढणी तिने दोन्ही हातांत घेऊन तोंडावर धरली होती. मला बघताच तिने ती घडी करून होती तिथे ठेवली आणि निघून गेली. कडक उपास असलेल्या माणसाने भरल्या ताटाकडे बघावं, तशी ती जाताना माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला ते कळलं नाही.

तर तो शनिवार. कोंबडीवाल्या इक्बालला मी या वेळी आधीच फोन करून ठेवला होता. त्याने पंख गरम पाण्यातून काढून पिसं उपटून, कातडीसकट पिशवीत भरून दिले आणि विचारलं, "साहेब नाही आले बरेच दिवस?" मी म्हणाले, नाही आले. तो म्हणाला, त्यांना सांगा, या वेळी मोठे निघालेत. मी सांगते म्हणाले आणि पिशवी घेऊन चालायला लागले.

घरी माईंनी पदर खोचला. पंख सांध्यावर मोडून त्याचे तुकडे करायचे असतात, ते मला जमेना. माईंनी माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि सांधा बोटाने चाचपून बरोबर तिथेच कापला.

"माई, तुम्ही नका करू," मी म्हणाले. "तुम्ही सोडलंय ना."

"हात लावलेला चालतो. खाल्लेलं चालत नाही."

हे सोडण्याचं प्रकरण तेराव्याचं. परागची आत्या, प्रभाआत्या, रोह्याहून येऊन सगळं बघत होती. आमच्या सासरी पद्धत अशी, की माणूस गेला की त्याच्या आवडीची एखादी गोष्ट जवळच्यांनी त्याच्या नावाने सोडायची, जन्मभरासाठी. माझ्या चुलतसासऱ्यांनी आपल्या भावाच्या नावाने फणस सोडला होता आणि दारात फणसाचं झाड असून मरेपर्यंत गरा तोंडात घातला नव्हता. तेराव्याला दुपारी सगळे बसलेले असताना आत्याने विचारलं, कोण काय सोडतंय. माई म्हणाल्या, कोंबडी. माई, ज्यांच्यासाठी त्याने ते सगळं शोधून काढलं होतं, त्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मग आत्या माझ्याकडे वळली. मी तेव्हा कुणाचंच ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मी म्हणाले, "तोच मला सोडून गेलाय. अजून काय सोडू?"

आत्या दुखावली. ती वाईट बाई नव्हती. तिने मला नीट समजावलं, की अगं, त्याला जे सगळ्यात प्रिय ते कुणीतरी सोडावं लागतं, नाहीतर त्याचा जीव त्यातच घुटमळत राहतो, त्याला पुढे जाता येत नाही. मी उठून आत गेले. रेवा तेव्हा माईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झोपली आहे असं आम्ही सगळे समजत होतो.

तुकडे झाले. रेवाने माईंचा पदर ओढला.

"ती म्हणते, आता पुसायचे. अगदी कोरडे. पाणी राहिलं की मऊ पडतात."

मी जुन्या पंच्याने एकेक पुसला. पदर पुन्हा ओढला गेला.

"ती म्हणते, सोडा नाही. बेकिंग पावडर. सोड्याने कडू होतात."

"ते मागच्या रविवारी कळलं म्हणावं."

माईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आल्यासारखं झालं. रेवाच्याही आलं असावं, कारण तिने तोंड फिरवलं. मी बेकिंग पावडर, मीठ, मिरपूड आणि लाल तिखट लावलं. मग पुढची सूचना आली, की हे जाळीवर मांडून, न झाकता, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. माईंनी सूचना देता देता मधेच थांबून रेवाकडे पाहिलं. दुधादह्याच्या शेजारी उघडी कोंबडी त्यांच्या फ्रिजमध्ये राहणार होती. पराग हे माईंना कळू न देता करायचा, हे त्या दिवशी उघडकीला आलं. "आणि मला सांगायचा, दही माझ्या विरजणामुळे आंबट लागतं," माई म्हणाल्या, आणि मग एकदम डोळ्यांना पदर लावून मोरीकडे वळल्या.

रविवारी सकाळी मी ओव्हन लावला. आधी मंद, मग एकदम कडक. मंद आचेवर कातडीखालची चरबी वितळून जाते आणि कडक आचेवर कातडी फुलते, हे मला दुभाष्यामार्फत शिकवण्यात आलं. रेवा ओव्हनसमोर पाटावर बसली होती. काचेत आतला पिवळा दिवा आणि तिचा चेहरा एकमेकांत मिसळले होते. वास सुटला. तो रविवारचा वास घरात परत आला तेव्हा आम्ही तिघीही कुठेतरी दुसरीकडेच बघत होतो. माईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. पाठ ओव्हनकडे करून.

झाल्यावर मी एक तुकडा चिमट्यात धरून बाहेर काढला. पराग काय करायचा, तर दुसऱ्या हातातला चमचा त्याच्यावर हलकेच मारायचा आणि रेवा कान लावून ऐकायची. टक वाजलं तर झालं, थप वाजलं तर अजून आत. मी चमचा मारला. रेवाचा कान आपोआप पुढे आला.

टक वाजलं. कुणाला सांगायची गरज नव्हती.

मी ताटं घेतली. सवयीने पहिला तुकडा माईंसमोर धरला आणि म्हणाले, मीठ बघता का जरा. त्या मान मागे घेऊन म्हणाल्या, "मला चालत नाही गं." मी जीभ चावली. मग मी सगळ्यात चांगला तुकडा उचलला, फुंकर घालून निववला आणि रेवाजवळ खाली बसून तिच्या तोंडाशी नेला. लहानपणी भरवायचे तसा. माझी सगळी आशा त्या तुकड्यावर होती, हे आता सांगायला लाज वाटत नाही. हे जमलं तर ती परत येईल, असं मी आठवडाभर मनाशी घोकत होते.

तिने ओठ घट्ट मिटले. मान मागे नेली. मी हात पुढे नेला तशी ती पाटावरून सरकत भिंतीला टेकली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ओठ उघडत नव्हती.

माझा तोल सुटला. "माझ्या हातचं खायचंसुद्धा नाही का तुला?" मी म्हणाले. "काय केलंय मी? एकदा सांग तरी. काय केलंय?"

ती माझ्याकडे न बघता माईंना म्हणाली, "माईआजी, तिला सांग ना. मला चालत नाही."

"विंग्ज चालत नाहीत?" माईंनी विचारलं. "अगं, ते मी सोडलेत. तू खा की."

"विंग्ज नाही." ती रडायला लागली. "आई. मला आई चालत नाही."

मला वाक्य ऐकू आलं होतं पण कळलं नव्हतं. माईंना माझ्याआधी कळलं. त्या स्टुलावरून उठल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी खाली फरशीवर बसल्या आणि रेवाचा चेहरा हातात घेतला.

"सोडलीस तू आईला?"

रेवाने होकाराची मान हलवली.

"बाबाच्या नावाने?"

"आत्याआजी म्हणाली ना, त्याला सगळ्यात आवडतं ते सोडायचं. नाहीतर त्याला पुढे जाता येत नाही." ती हुंदके देत, अडखळत सांगत होती. "तू विंग्ज सोडले. पण त्याला विंग्जपेक्षा आई जास्त आवडायची. तो सांगायचा. आणि आईने काहीच सोडलं नाही. मग मी सोडली."

बाहेर रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. ते सगळे महिने माझ्या डोळ्यांसमोर आले. उठून जाणं, अंग चोरणं, तोंडावर धरलेली ओढणी. ती माझ्यावर रागावली नव्हती. ती माझा उपास करत होती. आठ वर्षांच्या पोरीने बापाला वाट मोकळी व्हावी म्हणून आई सोडली होती, जन्मभरासाठी, आणि एकदाही मोडलं नव्हतं. मला तिला उचलून छातीशी धरायचं होतं. पण हात पुढे झाला नाही. मी धरलं असतं तर तिच्या लेखी मी तिचा नेम मोडला असता, आणि बाप तिथेच अडकला असता. मी तिला काही सांगू शकले असते का? जिने काहीच सोडलं नाही तिचं ती का ऐकेल?

माईंनी हात लांब करून ताट जवळ ओढलं.

त्यांनी एक तुकडा उचलला. तो त्यांच्या हातात थोडा वेळ नुसता होता. मग त्यांनी तो तोंडात घातला आणि चावला. त्या शांततेत कातडी मोडल्याचा आवाज आम्हाला दोघींनाही ऐकू आला.

"माईआजी, तुला चालत नाही," रेवा घाबरून म्हणाली.

"चालतं आता." माईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या चावत होत्या. घास फिरत होता, गिळला जात नव्हता. शेवटी गिळला. "पोचला तो. आईला कळतं. आता आपण सोडलेलं परत धरायचं. बघ, मी खाल्लं."

"बाबा रागावेल."

"माझा मुलगा आहे तो. मी सांगितलेलं ऐकतो." त्यांनी दुसरा घास घेतला. "धर तिला. मी खातेय तोवर धर."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि एका बोटाने माझ्या मनगटाला लावून बघितलं, गरम भांड्याला लावून बघतात तसं. काही झालं नाही. मग दुसरं बोट. मग ती माझ्या अंगावर आली, सगळीच्या सगळी, आणि तिचे हात माझ्या पाठीला घट्ट बसले. ती इतक्या मोठ्याने रडली की शेजारच्या वहिनी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मीही रडले. तेराव्याला न रडलेली मी. त्या गडबडीत माई एकेक तुकडा उचलत होत्या, चावत होत्या, गिळत होत्या. आम्हाला दिसेल अशा.

त्यानंतर आमचा रविवार परत सुरू झाला. ओव्हनपुढे रेवा, सांधे कापायला माई आणि या वेळी स्वयंपाकघरात मीही. पहिला तुकडा माईंचा. रेवा समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि त्या चावून म्हणायच्या, झालाय छान. वर्षामागून वर्षं. रेवा मोठी झाली, त्या दिवसाची थट्टाही करायला लागली. मला वाटलं, माईंना जुनी आवड परत सापडली. त्या सावरल्या, असं मी लोकांना सांगायचेसुद्धा.

रेवा शिकायला पुण्याला गेली, त्या आठवड्यातली गोष्ट. रविवारी घर फार रिकामं वाटायला लागलं म्हणून मी आम्हा दोघींपुरते विंग्ज केले. टक वाजलं. मी ताट घेऊन माईंच्या खोलीत गेले आणि पहिला तुकडा त्यांच्यासमोर धरला. माईंनी ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. त्यांनी ताट हलकेच माझ्याकडे सरकवलं.

"आज रेवा नाहीये ना गं," त्या म्हणाल्या. "मग आज मला चालत नाही."